भिंग, बोलणारं घड्याळ आणि एम-सीलचा ठिपका : अधू नजरेच्या माणसाने दिलेले मार्क

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. पोरानं आणलेलं वीस-बावीस हजारांचं स्क्रीनवालं भिंग कपाटात आहे. दोन हजारांच्या आतलं, दिवा असलेलं साधं स्टँडचं भिंग रोज वापरात आहे. एम-सीलची पंधरा-वीस रुपयांची पुडी त्याच्याही वर. आणि पैकीच्या पैकी मार्क द्यावेत अशी गोष्ट दुकानात मिळतच नाही. ती पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, लो व्हिजनच्या, म्हणजे अधू नजरेच्या खात्याच्या खोलीत मिळाली.

मी एसटीत कंडक्टर होतो, कराड डेपोला. ट्रे आणि पंचच्या काळातला. वय शहात्तर. मंडळी गेल्यापासून घरात एकटाच असतो, आणि एकटंच राहायचंय. पोरगा चिंचवडला आहे, सूनबाई चांगली आहे, तक्रार नाही. पण अकराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? कराडात मला गल्लीतला प्रत्येक खड्डा पाठ आहे. हा मजकूर मी फोनला बोलून लिहिलाय. फोन उमटवतो, नात काना-वेलांटी बघते. ती भाषाही सुधारायला निघाली होती, तिला म्हटलं, राहू दे.

मार्क द्यायची माझी पद्धत एकच आहे. वस्तू घरात आल्यावर किती हाका वाचल्या? शेजारच्या वहिनींना दिवसभरात ज्या हाका माराव्या लागायच्या त्या. "वहिनी, ही गोळी कुठली बघा", "वहिनी, गॅस बारीक झालाय का", "वहिनी, ही दोनशेची का वीसची". त्या कधी कंटाळल्या नाहीत. कंटाळलो मी.

आजार थोडक्यात सांगतो, कारण भिंग कुणाला चालेल आणि कुणाला नाही ते त्यावरच आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज झालीय. मॅक्युला म्हणतात त्या भागाला. उजव्यात ओला प्रकार, त्याला डोळ्यात इंजेक्शनं झाली. डाव्यात कोरडा. काचेवर मधोमध कुणीतरी तेलकट अंगठा फिरवावा तसं दिसतं. कडेचं सगळं दिसतं, बघायला जावं ते मात्र पुसलं जातं. त्यामुळे मी चालतो व्यवस्थित, खुर्चीला धडकत नाही, अंगणातलं मांजर दिसतं. पण समोर उभ्या माणसाचं तोंड दिसत नाही. लोकांना हे पटत नाही. "चालतोय की नीट, मग दिसत नाही कसं?" काचबिंदूवाल्यांचं बहुधा उलट असतं, त्यांची कड आधी जाते. म्हणून कुणा काचबिंदूवाल्याला लागू पडलेलं भिंग तुम्हाला लागू पडेलच असं नाही, आणि माझंही नाही.

लो व्हिजनची खोली

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यापुढे चष्म्याने सुधारणा नाही." मी त्याचा अर्थ 'यापुढे काही नाही' असा घेतला नाही, पण घरच्यांनी घेतला. पुढे एका रक्तदाब तपासायच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, मोठ्या हॉस्पिटलात लो व्हिजन म्हणून वेगळं खातं असतं, तिथे डोळा बरा करत नाहीत, उरलेली नजर वापरायला शिकवतात. चौकशी करून वेळ घेतली.

गेल्यावर पहिली गोष्ट आवडली ती ही. तिथल्या ताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. नाहीतर डॉक्टरांकडे काय होतं ठाऊक आहे ना? प्रश्न पोराला. "यांना जवळचं कितपत दिसतं?" मी शेजारीच बसलेला. या ताईंनी पोराला सांगितलं, "दादा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." आणि मला विचारलं, "काका, असं काय आहे जे तुम्हाला स्वतः करायचंय आणि आता जमत नाही?"

मी सांगितलं : चहा करायचाय. पैसे मोजायचेत. बँकेत सही करायचीय. आणि पेपरातल्या निधनवार्ता वाचायच्यात. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. या वयात डेपोतलं कोण गेलं ते दुसऱ्याकडून चार दिवसांनी कळावं हे बरं नव्हे.

मग तपासणी. भिंतीवरचा तक्ता झालाच, पण फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचाही एक तक्ता होता. मोठं अक्षर असूनही फिकट झालं की मला दिसेना. ताई म्हणाल्या, "तुमची अडचण अक्षराच्या आकाराइतकीच रंगाच्या फरकाची आहे." घरी येऊन जे काही बदल केले त्यातले निम्मे या एका वाक्यावर केले.

मग ताईंनी मला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं. नाक गायब. "आता माझं तोंड हे घड्याळ समजा. बाराकडे बघा. आता माझं नाक दिसतं का? तीनकडे बघा. सहाकडे." बाराकडे, म्हणजे त्यांच्या भांगाच्या किंचित वर बघितलं, आणि एकदम खाली त्यांचं नाक, चष्मा, टिकली, सगळं आलं. फार स्पष्ट नाही, पण आलं. किती दिवसांनी मी कुणाचं तरी पुरतं तोंड बघत होतो. पडद्याचा मधला भाग गेला तरी त्याच्या शेजारचा शाबूत असतो, त्याला कामाला लावायचं, एवढीच युक्ती. सरावाला वेळ लागतो. आणि एक तोटा सांगून ठेवतो, समोरच्याला वाटतं तुम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघताय. माझा व्याही एकदा मागे वळून बघायला लागला.

शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काका, नसलेलं काही दिसतं का कधी?"

दिसत होतं. संध्याकाळी भिंतीवर जाळी दिसायची, विटांच्या चौकटी दिसायच्या. आणि अधूनमधून बुटकी, रंगीत कपड्यांतली माणसं, मुकाट उभी. कुणाला बोललो नव्हतो. एकट्या म्हाताऱ्याला भिंतीवर माणसं दिसतात म्हटल्यावर पोरानं त्याच दिवशी सामान बांधलं असतं. ताई म्हणाल्या, याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. बोने हा स्वित्झर्लंडचा शास्त्रज्ञ. त्याच्या आजोबांना नजर गेल्यावर अशीच माणसं आणि नक्षी दिसायची, ते त्याने १७६० मध्ये लिहून ठेवलं. डोळ्यांकडून येणारं चित्र कमी झालं की मेंदू मोकळ्या जागेत आपलीच चित्रं भरतो. डोकं फिरलेलं नसतं, आणि ती खरी नाहीत हे आपल्याला कळत असतं. दिसली की दिवा लावायचा, डोळे उघडझाप करायचे, नजर डावी-उजवीकडे फिरवायची, बरेचदा जातात. त्या एका प्रश्नासाठी मी परत पुण्याला जाईन. घरात कुणा वयस्कर माणसाची नजर गेलेली असेल, तर तुम्हीच विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.

आता या खात्याचे मार्क कापतो. एक, आत जायच्या आधी जो फॉर्म हातात दिला तो इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. लो व्हिजनच्या दारात! दोन, पांढऱ्या भिंतीवर फिकट निळ्या पाट्या. लिफ्टची बटणं सपाट काचेची, बोटाला काही लागत नाही. तीन, "महिन्याने फोन करू" म्हणाले, फोन आला नाही. पैशाचं म्हणाल तर केसपेपरचे पडले, या तपासणीचे वेगळे घेतले नाहीत. तरी मी पैकीच्या पैकी देतो, कारण इथे कुणी मला काही विकलं नाही. सगळी भिंगं हातात दिली, वाचायला लावली, आणि जे लागू पडलं त्याचा नंबर कागदावर लिहून दिला.

स्टँडचं भिंग

हे कागदावर सरळ ठेवायचं. काच किती उंचीवर हवी ते त्याचे पाय ठरवतात, हात थरथरला तरी बिघडत नाही. ताईंनी सांगितलेलं एक गणित इथे सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. भिंगाच्या नंबराला चारने भागलं की ते किती पट ते कळतं. वीस नंबर म्हणजे पाच पट. आणि जितकं पट जास्त, तितकी काच लहान, तितकं कागदाजवळ जावं लागतं आणि तितकी अक्षरं एका वेळी कमी दिसतात. पाच पटीचं भिंग कागदापासून पाच सेंटीमीटरवर, दहा पटीचं अडीचवर. म्हणून दुकानदार "हे घ्या, हे जास्त पॉवरचं" म्हणाला तरी भुलायचं नाही. तीन पटीने ज्याचं भागतं त्याने पाचचं घेऊ नये.

दुसरं म्हणजे स्टँडच्या भिंगाबरोबर जवळचा चष्मा लावायचा असतो. बरेच जण चष्मा काढून भिंग धरतात, मग "यातून काही दिसत नाही" म्हणून परत करतात.

माझं पाच पटीचं आहे, आत पिवळसर दिवा, पेन्सिल सेलवर चालतं. एका वेळी दोन-तीन शब्द. ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही, यावर ताईंनी काळ्या जाड कागदाला आडवी चीर पाडून दिली. ती ओळीवर ठेवायची, चिरेतून एकच ओळ दिसते आणि भोवतालच्या पांढऱ्या कागदाची चमक डोळ्यावर येत नाही. ही फुकटची वस्तू भिंगाइतकीच कामाची. निधनवार्ता जमतात. अग्रलेख जमत नाही, पण तो पूर्वीही मी वाचत नव्हतो.

दोष? सेलच्या झाकणाची खाच इतकी बारीक आहे की ते उघडायला वहिनींना हाक मारावी लागते. बनवणाऱ्याने हे कुणासाठी बनवलं याचा विचार झाकणापर्यंत आल्यावर सोडून दिला.

टेबलाच्या दिव्याचंही इथेच सांगतो. जास्त वॅटचा बल्ब आणू नका, दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की कागदावर उजेड चौपट पडतो. डोळ्याच्या पातळीच्या खाली, बाजूने. डोक्यावरची ट्यूब असून नसून सारखी.

स्क्रीनवालं भिंग

पोरानं प्रेमानं आणलं. विकणाऱ्यानं दुकानात पोराला दाखवलं, पोराला आवडलं. आवडणारच, त्याचे डोळे चांगले आहेत. हातात मावणारी स्क्रीन, खाली कॅमेरा, अक्षर हवं तितकं मोठं होतं. काळ्यावर पांढरी अक्षरं करायची सोय आहे, ती खरंच चांगली. चित्र थांबवून ठेवता येतं, त्यामुळे फडताळात मागे ठेवलेल्या डब्यावरचं लेबल नुसतं टिपून बाहेर आणून वाचता येतं.

पण काळ्या यंत्रावर काळी बटणं, सगळी एका आकाराची, एका ओळीत. कुठलं मोठं करायचं आणि कुठलं बंद करायचं, बोटाला समजत नाही. मी एम-सीलचा ठिपका लावेपर्यंत ते अर्ध्या वाक्यात बंद पडायचं. कागदावरून सरकवलं की अक्षरांची शेपटी मागे राहते, वाचताना मळमळतं. चार्जिंग संपत आलं की लहानसा लाल दिवा लागतो म्हणे. म्हणे, कारण मला तो दिसत नाही.

ज्यांची नजर माझ्याहून खूप कमी आहे, ज्यांना दहा-बारा पट लागतं, त्यांनी हेच घ्यावं. त्यांना काचेचं भिंग इतकं कागदाला चिकटवून धरावं लागतं की मान जाते. मला पाचात भागतं. पोराला वाईट वाटू नये म्हणून तो आला की हे बाहेर काढतो. आता त्याला हे वाचून कळेल.

स्वयंपाकघर आणि जिना

ताईंचं ते वाक्य, रंगाच्या फरकाचं. घरी आल्यावर कळलं की आपलं स्वयंपाकघर माझ्या विरुद्ध उभं आहे. स्टीलच्या पातेल्यात दूध, स्टीलच्या ताटात भात, पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप. काहीच वेगळं दिसत नाही. आता दूध ओतायला गडद निळा मग आहे, चहाला पांढरा कप. भाताला काळसर ताटली. कांदा पांढऱ्या पाटावर चिरायचा नाही, टोमॅटो चिरायचा. खर्च किती झाला ते सांगायची लाज वाटावी इतका कमी.

गॅसच्या बटणावर, खुणेच्या टोकाला एम-सीलचा एक ठिपका, आणि बंदच्या जागी शेगडीवर दुसरा. ठिपक्याला ठिपका लागला की बंद. एम-सील मळून शेंगदाण्याएवढी गोळी करा, चिकटवा, रात्रभर वाळू द्या. मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, गिझर, सगळीकडे लावलंय. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घराला देवी आल्यात." या पुडीने जेवढ्या हाका वाचवल्या तेवढ्या कशानेच वाचवल्या नाहीत.

कपात अडकवायचं एक यंत्रही मिळतं. दोन काड्या आत लोंबतात, चहा तिथपर्यंत आला की टूं वाजतं. कल्पना चांगली. पण आमच्या जुन्या कपांच्या जाड काठावर ते बसत नाही, आणि बसलं तर त्याच्या वजनाने कप कलंडतो. मोठ्या मगाला ठीक. मला ओतण्याचा आवाज बदलतो तेवढ्यावर कळतं.

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठावर पिवळ्या ऑइलपेंटची बोटभर पट्टी. आधी फरशी आणि पायरी एकाच रंगाची होती, उतरताना शेवटची पायरी कुठली ते पायाने चाचपावं लागायचं. हे काम अर्ध्या दिवसाचं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी डोळे चांगले असले तरी करून टाकावं.

पैसे

हा माझा विषय. गर्दीच्या गाडीत, रात्री, दिवा गेलेला असताना मी पैसे मोजलेत. कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतो, प्रत्येक बेचकीत वेगळी नोट. लो व्हिजनच्या ताई मला शिकवायला लागल्या की पाकिटात प्रत्येक नोट वेगळी दुमडून ठेवा, शंभरची उभी, दोनशेची आडवी, पाचशेची सरळ. मी म्हटलं, बाई, हे मला चाळीस वर्षांपूर्वीच येतंय.

तरी नवीन माणसासाठी सांगतो. नव्या मालिकेत पन्नास ते पाचशेच्या सगळ्या नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर, लांबी वेगळी. शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. म्हणजे फरक चार मिलिमीटरचा, तो दोन नोटा एकमेकींना लावल्याशिवाय बोटाला कळत नाही. दहाची आणि वीसची रुंदीलाही कमी आहेत, ६३. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभर आणि दोनशेला चार-चार (दोनशेला मधे दोन गोल), पाचशेला पाच. कोऱ्या नोटेवर लागतात. बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर माझ्या बोटांना तरी लागत नाहीत. दोनशेची पिवळी आणि वीसची हिरवट पिवळी, ट्यूबच्या उजेडात दोघी बहिणी. तिथे लांबीच बघायची, त्यांच्यात चांगला सतरा मिलिमीटरचा फरक आहे. नाणी बरी. २०१९ च्या मालिकेत किंमत वाढेल तसं नाणं मोठं आणि जड होत जातं, आणि वीसच्या नाण्याला बारा कोपरे आहेत, ते खिशातच ओळखू येतं.

फोनवर 'मनी' नावाचं रिझर्व्ह बँकेचं अ‍ॅप आहे, जानेवारी २०२० मध्ये आलं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. नोटेवर कॅमेरा धरला की किती रुपयांची ते बोलून सांगतं आणि फोन थरथरतो. सुरुवातीला हिंदी-इंग्रजीच होतं, नंतर मराठीही आली. अर्धी दुमडलेली नोटही चालते. खरी का खोटी ते सांगत नाही, तो त्याचा दावाच नाही. मी ते बाजारात वापरत नाही. भाजीवालीसमोर फोन काढून नोट तपासली की तिला वाटतं आपल्यावर संशय घेतोय. घरी, दिवसाचा हिशोब लावताना वापरतो.

सही आणि बँक

काळ्या प्लॅस्टिकच्या फाइलचा तुकडा, त्यात सहीच्या मापाची खिडकी कापलेली. खिडकीची खालची कड सहीच्या रेघेवर ठेवायची, जाड काळ्या पेनाने आत सही करायची. माझी सही आता रेघेवर बसते. त्याआधी काउंटरवरचा पोरगा शाईचं पॅड पुढे सरकवत म्हणाला होता, "आजोबा, अंगठाच द्या ना." एसटीत आयुष्यभर रोज वे-बिलावर सही केलेल्या माणसाला!

एक माहिती असू द्या. दृष्टिहीन किंवा कमी दिसणाऱ्या खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगितलंय. आणि २०१४ पासून प्रत्येक शाखेत कमी दिसणाऱ्यांसाठी भिंग ठेवायचं, ते असल्याची पाटीही लावायची, असाही नियम आहे. मी आमच्या शाखेत मागितलं. बरीच शोधाशोध झाली, आणि एका ड्रॉवरमधून निघालं, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. आता ते काउंटरवर असतं, दोरीने बांधलेलं.

घड्याळ, फोन, पुस्तकं

बोलणारं मनगटी घड्याळ मी कुणालाही घ्या म्हणून सांगणार नाही. बटण दाबलं की इंग्रजीतून वेळ सांगतं, तेवढं बरं. पण गजराला कोंबडा आरवतो. तो बंद करायचं बटण आणि वेळ बदलायचं बटण एकच. आमच्या आळीत कीर्तन चालू होतं, बुवांनी डोळे मिटलेले, आणि माझ्या मनगटावर कोंबडा. आता ते पाटावरच्या डब्यात असतं. वेळ फोनला विचारतो.

फोनबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण नात म्हणते लोकांना ठाऊक असतं. मग एवढंच : पूर्ण आंधळ्या माणसासाठीचं स्क्रीन वाचणारं टॉकबॅक एकदम सुरू करू नका. ते चालू झालं की फोनची सगळी रीत बदलते, एका टिचकीचं काम दोन टिचक्यांनी होतं, आणि बंद कसं करायचं ते सापडत नाही. ज्यांना थोडं दिसतं त्यांनी आधी अक्षर मोठं करावं, मग 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करावं. ज्या मजकुराला बोट लावाल तेवढाच वाचतो. मराठी आवाज आहे. तो "पु. ल." ला थांबत थांबत "पु, ल" म्हणतो, पण समजतं.

पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' म्हणून एक ऑनलाइन वाचनालय २०१६ मध्ये सुरू झालं. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे, त्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी डॉक्टरांनी मला यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायला लावलं. चष्म्यासकट, दोहोंतल्या बऱ्या डोळ्याने ६/१८ पेक्षा कमी दिसत असेल तर २०१६ च्या कायद्यात ते लो व्हिजनमध्ये बसतं. सवलतींना मात्र चाळीस टक्के अपंगत्व लागतं. आपण पूर्ण आंधळे नाही म्हणून आपल्याला काही नाही, असं धरून बसू नका, तपासून घ्या.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अजून नातीला हाक मारावी लागते. फोनसमोर तोंड चौकटीत धरायचं आणि पापणी मिटायची. चौकट मला दिसत नाही, पापणी मिटता येते.

जाणार असाल तर

लो व्हिजनची वेळ घेताना विचारून घ्या की त्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब टाकणार का. टाकले तर भिंगाची तपासणी त्या दिवशी नीट होत नाही, दुसरा दिवस मागा. घरातले सगळे जुने-नवे चष्मे घेऊन जा, टाकून दिलेला सुद्धा. जे वाचायचंय ते बरोबर न्या : लाइट बिल, गोळ्यांची पट्टी, पोथी, पासबुक. तिथला गुळगुळीत कागद वाचता आला म्हणून घरची पोथी वाचता येईल असं नाही. चौकटी छापलेला एक कागद ते देतील, तो फ्रिजवर लावा आणि चष्मा लावून एकेका डोळ्याने रोज बघा. सरळ रेघ अचानक वाकडी दिसायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, ओल्या प्रकारात तेवढ्यावर डोळा वाचतो.

कराडहून येणाऱ्यांनी सकाळची लवकरची स्वारगेट गाडी धरा. पंचाहत्तरच्या वर वय असेल तर २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही, आधार कार्ड खिशात असू द्या. पाटी वाचता आली नाही तर कंडक्टरला विचारा, त्याला त्याचाच पगार मिळतो.